फ्लूची लस, टॉर्चचा रिपोर्ट आणि सासूबाईंचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार नाशिक. दुसरी खेप, बाविसावा आठवडा चालू. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी टीटीची दोन इंजेक्शनं सोडली तर काही नव्हतं, पोरं झालीच ना?" नवरा म्हणतो, बाळंतपण होऊ दे, मग बघू. त्यातच पहिल्या तिमाहीतल्या टॉर्च तपासणीत (बाळाला इजा करू शकणाऱ्या रुबेला, सीएमव्ही अशा संसर्गांसाठीची रक्ततपासणी) 'रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह' आलं आहे आणि ओळखीतल्या कुणीतरी "बाळात व्यंग येतं" असं सांगून झोप उडवली आहे. मोठा मुलगा सतरा महिन्यांचा. त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला आहे. घरात गरोदर बाई असताना तो द्यावा की थांबावं? सातव्यात माहेरी जळगावला जायचं आहे. आणि अमेरिकेतली गरोदर बहीण विचारते, "इथे आरएसव्हीची लस देतात, तुला दिली का?"

झोप उडवणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते. तुमचा रुबेलाचा रिपोर्ट ही चांगली बातमी आहे. आयजीजी म्हणजे विषाणूशी झालेल्या जुन्या ओळखीतून तयार झालेली, टिकून राहिलेली प्रतिपिंडं, रक्तातले त्या विषाणूशी लढणारे घटक. कधीतरी लहानपणी तुम्हाला रुबेला होऊन गेला असेल (दोन-तीन दिवसांचा बारीक ताप, अंगावर फिकट पुरळ, कानामागे गाठी, घरात कुणाच्या लक्षातही राहत नाही), किंवा खाजगी दवाखान्यात एमएमआरची (गोवर-गालगुंड-रुबेलाची) लस मिळाली असेल. दोन्हींचा अर्थ एकच, या विषाणूपासून तुम्हाला संरक्षण आहे आणि पोटातल्या बाळालाही आहे. काळजी करायची ती आयजीजी निगेटिव्ह आलेल्या बाईने, कारण तिच्याकडे ही ढाल नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' शब्द ठळक छापलेला असतो आणि घर हादरतं.

टॉर्चबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सगळं सुरळीत चाललेल्या गरोदर बाईला ही तपासणी सरसकट करायला सांगू नये. सीएमव्ही या विषाणूची आयजीजी आपल्या देशात बहुसंख्य प्रौढ बायकांत पॉझिटिव्हच येते. मग पॉझिटिव्ह आलं म्हणून औषधं सुरू होतात, पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च आणि आकडा तसाच. प्रतिपिंडं गोळ्यांनी कमी होत नाहीत आणि करायचीही नसतात. ताज्या संसर्गाचा संशय येतो तो आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला दिसणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह आल्यावर, पण तेही पुष्कळदा खोटं पॉझिटिव्ह निघतं. तेव्हा ॲव्हिडिटीची तपासणी (प्रतिपिंडं जुनी की नवी हे सांगणारी) आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना, एवढं झाल्याशिवाय कुणीही गर्भपाताचा शब्द काढू नये. तुमचं आयजीएम निगेटिव्ह असेल तर हा विषय इथेच संपवा आणि तो कागद फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे कधी अंगावर पुरळ आलं तर उपयोगी पडेल.

रुबेलाची एवढी भीती का, हेही सांगायला हवं, कारण ती भीती निराधार नाही. १९४१ मध्ये सिडनीतल्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली. एवढी सगळी एकदम कशी, हा प्रश्न त्यांना पडला. आयांशी बोलताना कळलं की बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, झाला होता. त्यांनी ७८ बाळांची नोंद मांडली. त्याआधी या रुबेलाला कुणी मोजत नव्हतं, इतका तो किरकोळ. पहिल्या बारा आठवड्यांत आईला संसर्ग झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता ८० टक्क्यांच्याही वर जाते: मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष. विसाव्या आठवड्यानंतर ती नगण्य होते. १९६४-६५ च्या अमेरिकेतल्या साथीत सुमारे २०,००० बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली आणि त्यानंतर लशीच्या कामाला खरा वेग आला.

आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात रुबेला आला तो फार उशिरा. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम देशात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला, आणि तीही ९ महिने ते १५ वर्षं या वयोगटासाठी. म्हणजे आज ज्या मुली-बाया आई होत आहेत, त्यांतल्या बहुतेक या मोहिमेच्या वयाबाहेर होत्या. त्यामुळे लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या प्रत्येकीला मी सांगते की रुबेलाची आयजीजी तपासा. निगेटिव्ह असेल तर लस घ्या आणि त्यानंतर २८ दिवस गर्भ राहू देऊ नका. तपासणी परवडत नसेल तर न तपासताही लस घेतली तरी चालते, आधीच संरक्षण असलेल्या बाईला ती दिल्याने नुकसान होत नाही. ही लस गरोदरपणात मात्र देत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूची आहे, दुबळा केलेल्या पण वाढू शकणाऱ्या.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण त्यावर दरवर्षी काही गरोदरपणं विनाकारण संपवली जातात. 'देत नाहीत' हे सावधगिरीपोटी. 'दिली गेली तर बाळ बिघडतं' असं त्यात कुठेही नाही. अमेरिकेत १९७१ ते १९८९ या काळात गरोदर असल्याचं न कळता रुबेलाची लस घेतलेल्या बायकांची नोंदवही ठेवली गेली. एकाही बाळात जन्मजात रुबेलाची व्यंगं आढळली नाहीत. लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या मोहिमांमध्ये हजारो गरोदर बायकांना नकळत ही लस मिळाली, तिथेही हाच निष्कर्ष. तेव्हा लस घेतली आणि नंतर कळलं की दिवस गेले आहेत, तर गर्भपात करायचा नाही. नेहमीसारख्या तपासण्या, अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी, बस्स.

कांजिण्यांची लसही अशीच जिवंत, म्हणून गरोदरपणात नाही. पण तुम्ही प्राथमिक शाळेत आहात, म्हणून यावर दोन वाक्यं जास्त. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का, हे आईला आजच विचारून ठेवा. आल्या असतील तर निर्धास्त राहा. आल्या नसतील आणि वर्गातल्या एखाद्या पोराला फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुरळ येण्याची वाट बघू नका. रक्त तपासून गरज असेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं. दहा दिवसांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. मोठ्या माणसाच्या कांजिण्या पोरांसारख्या नसतात आणि गरोदर बाईत न्यूमोनियाचा धोका असतो. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईच्या अंगावर फोड आले तर बाळाला तो आजार फार वाईट होतो, कारण विषाणू पोचलेला असतो आणि आईची प्रतिपिंडं पोचलेली नसतात. "देवी आल्यात, औषध करायचं नाही" असं म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवून ठेवणारी घरं अजून आहेत. पाला ठेवा हवा तर, पण डॉक्टरांकडेही या.

आता फ्लू.

तुमच्या डॉक्टरांनी योग्य सल्ला दिला आहे आणि लस आत्ताच घ्या, या आठवड्यात. ही लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही, तुम्हालाही नाही आणि बाळालाही नाही. (नाकात फवारायची एक फ्लूची लस असते, ती जिवंत, ती तुमच्यासाठी नाही. दंडात टोचायची ती घ्यायची.) जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात ही लस देता येते म्हणते. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर पहिले तीन महिने टाळतात. त्या काळात गर्भपात तसेही जास्त होतात आणि मग दोष सुईवर येतो, हे त्यामागचं व्यवहारी कारण. काही जण 'सव्वीस आठवडे होऊ द्या' म्हणतात. माझं म्हणणं, साथ कॅलेंडर बघून येत नाही. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जून ते सप्टेंबर, आणि बऱ्याच वर्षी दुसरी लहान लाट थंडी सरताना. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था वर्षानुवर्षं हे मोजत आली आहे. लस काम करायला दोन आठवडे घेते. पावसाळ्याच्या तोंडावर बाविसावा आठवडा चालू असलेल्या बाईने आणखी महिनाभर थांबण्यात मला शहाणपण दिसत नाही.

लस घ्यायची कशासाठी? आधी तुमच्यासाठी. गर्भाशय वर चढतं तसा श्वासपटल वर ढकलला जातो, फुप्फुसाला फुगायला जागा कमी पडते आणि त्याच वेळी ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. हृदय आधीच जास्त काम करत असतं. शरीराची प्रतिकारयंत्रणा बाळाला परकं समजून हाकलू नये म्हणून थोडी बदललेली असते. एरवी पाच दिवसांत बरा होणारा फ्लू अशा वेळी दोन दिवसांत छातीत उतरतो. १९१८ च्या साथीत, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, गरोदर बायका मोठ्या संख्येने गेल्या. तेव्हाच्या वैद्यकीय नोंदींत हे ठळकपणे दिसतं. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, आणि पुढच्या काही महिन्यांत अतिदक्षता विभागांत पुन्हा तेच चित्र: तरुण, धडधाकट, सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका कृत्रिम श्वासावर. अमेरिकेत त्या साथीत गरोदर बायका लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का असून मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता. ज्यांनी तो काळ वॉर्डात काढला, त्यांच्यासमोर फ्लूच्या लशीबद्दल "बघू नंतर" म्हटलं की त्यांचा आवाज चढतो. माझाही चढतो, माफ करा.

मग बाळासाठी. फ्लूची लस सहा महिन्यांखालच्या बाळाला देताच येत नाही. आणि मुलांमध्ये फ्लूने सर्वांत जास्त त्रास होतो तो याच वयात. हे सहा महिने त्याच्याकडे फक्त तुम्ही दिलेली शिदोरी असते. प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जायला चौथ्या महिन्यापासून सुरुवात होते, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर त्यांचा ओघ झपाट्याने वाढतो आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या बरोबरीची किंवा थोडी वरचीही होते. त्यामुळे "बाळंतपण झाल्यावर बघू" या यजमानांच्या म्हणण्यात एक अडचण आहे. बाळंतपणानंतर घेतलेली लस तुमचं रक्षण करेल, पण वारेतून जायची ती प्रतिपिंडं जायची राहून जातील. नाळ कापल्यावर तो मार्ग बंद होतो. अंगावरच्या दुधातून काही मिळतं, पण ते वेगळ्या प्रकारचं आणि बरंच कमी.

हा नुसता तर्क नाही. ढाक्यात २००४-०५ मध्ये ३४० गरोदर बायकांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना फ्लूची लस, अर्ध्यांना दुसरी एक लस. फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता, आणि खुद्द आयांमध्ये तापासह श्वसनाचे आजार ३६ टक्क्यांनी. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो तो ढाक्यात झाला म्हणून. तीच गर्दी, तसाच पाऊस, तशीच एका खोलीत पाच माणसं. "गोऱ्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत" असं इथे म्हणता येत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. त्यांच्या वेळी टीटी होती कारण धनुर्वाताने बाळंतिणी आणि बाळं मरत होती. त्या इंजेक्शनांनी ते जवळजवळ थांबवलं. म्हणजे गरोदरपणात टोचून घेऊन बाळाला वाचवायचं, ही गोष्ट त्यांनी स्वतः केलेली आहे, नवीन काही नाही. त्यांना दवाखान्यात सोबत न्या. माझा अनुभव असा की सासूबाईंना समोर बसवून, त्यांना विचारून, त्यांच्या शंकांना उत्तरं दिली की बऱ्याचदा त्या स्वतःच सुनेला पुढच्या तारखेची आठवण करून देतात. सुनेच्या तोंडून ऐकलेला डॉक्टरांचा निरोप मात्र घरात पोचेपर्यंत भलताच होतो.

टीटीचा विषय निघालाच आहे तर: २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात टीटीऐवजी टीडी देतात, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींसाठी. तुमचं मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आत झालं आहे आणि तेव्हा दोन्ही डोस घेतले असतील तर या वेळी एकच बूस्टर पुरे. त्याच जागी डांग्या खोकल्याचाही समावेश असलेली टीडॅप मिळाली तर २७ ते ३६ आठवड्यांमध्ये घ्या, डांग्या खोकलाही तान्ह्या बाळांनाच मारतो. हे विषाणूंचे आजार नव्हेत, म्हणून इथे थांबते.

लशीचा त्रास म्हणाल तर दंड दुखणं, एखादा दिवस कणकण, अंग मोडून येणं. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, सहन करत बसू नका. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात थांबा. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना पूर्वी नाही म्हणायचे, आता तसं नाही, फक्त डॉक्टरांना सांगून ठेवा. आधीच्या फ्लूच्या लशीने जीवघेणी ॲलर्जी झाली असेल तर नको. लस घेतल्यावर सहा आठवड्यांत कधी जीबीएस (गियां-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार) झाला असेल, तर आधी चर्चा करा. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची साथ आली तेव्हा तिचं खापरही काही लोकांनी लशींवर फोडलं होतं. ती साथ दूषित पाण्यातल्या जंतूंशी जोडलेली होती.

पैशांचा प्रश्न असेल तर ऐका. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायकांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. साठा सगळीकडे सदासर्वकाळ असतो असं नाही. आधी आशाताईंना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारा, मग जा. खाजगीत घ्याल तर चालू हंगामाची लस आहे ना, हे डबीवर बघा. फ्लूचा विषाणू रूप बदलतो आणि लस दरवर्षी बदलते. मागच्या खेपेला घेतली होती हे या खेपेला चालत नाही. आणि लस घेऊनही ताप-खोकला-घसादुखी आली, तर 'लस घेतली आहे' म्हणून घरी बसू नका. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोग होतो, गरोदरपणात देता येतं आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज नसते.

मोठ्या मुलाची लस अजिबात थांबवू नका. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे त्याची वेळ आत्ता आहे. लस दिलेल्या मुलाकडून हा विषाणू घरातल्या गरोदर बाईला लागत नाही. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, तेही चालतात. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा, एवढंच. उलट लस न दिलेलं मूल घरात असणं हा तुमच्यासाठी धोका आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून गोवराची साथ पसरली ती राहून गेलेल्या डोसांमुळेच. गरोदरपणातला गोवर न्यूमोनियापासून वेळेआधीच्या बाळंतपणापर्यंत काहीही घडवू शकतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मी विचारते: एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे का? मागच्या खेपेला झाली होती हे पुरेसं नाही, प्रत्येक खेपेला करायची. ही कावीळ बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला जाते आणि जन्मावेळी लागण झालेल्या दर दहांतल्या नऊ बाळांत ती कायमची मुक्काम करते, पुढे यकृत खराब होतं. तुम्ही निगेटिव्ह असाल आणि धोका असेल (घरात कुणी पॉझिटिव्ह, वारंवार रक्त चढवणं, दवाखान्यात काम) तर ही लस गरोदरपणात घेता येते, ती जिवंत नाही. पॉझिटिव्ह असाल तर घाबरून जायचं नाही, विषाणूचं प्रमाण मोजायचं, ते फार असेल तर शेवटच्या तिमाहीत गोळ्या सुरू होतात. बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं), दोन्ही. यासाठी सिझेरियन लागत नाही आणि अंगावर पाजायलाही हरकत नाही. आई निगेटिव्ह असली तरी प्रत्येक बाळाला २४ तासांच्या आत हा पहिला डोस मिळायला हवा. आपल्याकडे तो राहून जातो कधी? रविवारी, दिवाळीत, आणि लहान नर्सिंग होममध्ये "बीसीजीच्या वेळी देऊ" म्हणून.

दुसरी न विचारलेली गोष्ट म्हणजे कुत्रा. हसू नका. गरोदर बाईला कुत्रं चावलं आणि घरच्यांनी "पोटात बाळ आहे, इंजेक्शन नको" म्हणून तिखट-चुना लावून ठेवलं, असं खेड्यांत घडतं आणि शहरांतही घडतं. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, मग पोटातल्या बाळाचा विचार कुठे उरला? चावल्यावर, ओरखडल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, पट्टी बांधायची नाही, काही लावायचं नाही, आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. लशीचे सगळे डोस, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं). महिना कुठलाही असो. गरोदरपणात ही लस 'चालते का' हा प्रश्नच नाही, ती द्यावीच लागते.

बहिणीच्या आरएसव्हीबद्दल. हा विषाणू लहान बाळांच्या श्वासनलिकांवर उतरतो, श्वास लागतो, पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वाईट. आईला द्यायची त्याची लस अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली. तिथे ती ३२ ते ३६ आठवड्यांमध्ये, साधारण सप्टेंबर ते जानेवारी या हंगामात देतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून २८ आठवडे झालेल्या सर्वांना, वर्षभर. बहिणीने तिच्या डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे जरूर घ्यावी. तिथे बाळाला जन्मल्यावर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देण्याचाही पर्याय आहे, बहुतेकदा दोन्हींपैकी एक पुरतं. तुमच्यासाठी सध्या फ्लू आणि टीडी एवढ्यावर माझं लक्ष आहे. आणि आईबाबा बहिणीच्या बाळंतपणाला जाणार असतील, तर त्यांनी स्वतःची फ्लूची लस घेऊन जावं.

कोविडचं तिला विचाराल तर ती गोंधळलेली असेल. अमेरिकेत मे २०२५ मध्ये निरोगी गरोदर बायकांसाठीची सरकारी शिफारस मागे घेतली गेली, तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने मात्र आपली शिफारस कायम ठेवली. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा गरोदर बायकांना वगळलं होतं, परवानगी आली ती २ जुलै २०२१ ला. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. गरोदर बायकांना अभ्यासांतून आणि म्हणून सुरुवातीच्या परवानग्यांमधून बाहेर ठेवायची ही सवय जुनी आहे, आणि तिला 'काळजी' म्हणतात हे मला कधी पटलं नाही. आज तुम्हाला मधुमेह, दमा, हृदयविकार असं काही असेल तर डॉक्टरांशी कोविडच्या लशीबद्दल बोला. नसेल तर तो तुमचा पहिला प्रश्न नाही.

ज्या आजारांवर लसच हाताशी नाही, तेही जाणून घ्या. झिका: महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, २०२४ मध्ये पुण्यात आढळलेल्या रुग्णांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. लस नाही. डास, साचलेलं पाणी, दिवसाही अंगभर कपडे आणि मच्छरदाणी, हेच. हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्याची कावीळ: इतरांना महिनाभरात सोडते, पण शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्याचं आपल्याच देशातल्या साथींत दिसलं आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीने ती साथ पाहिली. तिची एक लस चीनमध्ये २०११ मध्ये मंजूर झाली, २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीत गरोदर बायकांनाही दिली गेली, आपल्या बाजारात ती नाही. तोवर पावसाळ्यात पाणी उकळून, आणि रस्त्यावरची पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा बंद. डोहाळे लागले तरी.

माहेरी जाण्याबद्दल शेवटचं. फ्लूची लस नाशिकलाच घेऊन जा, प्रवासानंतर आठवडाभराने जळगावात नवीन डॉक्टर शोधून घेऊ असं ठेवलं की राहते. डोहाळजेवणाला कुणी खोकत, शिंकत आलं तर त्यांना लांबून ओटी भरायला सांगा, राग आला तर येऊ दे. जिथे नाव घालणार आहात तिथे पहिल्याच भेटीत माता-बाल संरक्षण कार्ड, एचबीएसएजीचा रिपोर्ट आणि लशींच्या तारखा दाखवा आणि विचारा: जन्मल्यावर २४ तासांत हिपॅटायटिस बी चा डोस तुमच्याकडे दिला जातो का, सुटीच्या दिवशीही? 'नाही' म्हणाले तर जवळच्या सरकारी रुग्णालयात तो कुठे मिळेल ते आईला किंवा भावाला आधीच बघून ठेवायला सांगा. तुम्हाला त्या दिवशी सुचणार नाही.